स्पंजातील संयुगांना दिलेले अकाली प्रशस्तिपत्र

जहाजांच्या बुडाला लावण्याच्या रंगांविषयी गेल्या तीन दशकांत जे शोधनिबंध आणि विज्ञानलेख प्रसिद्ध झाले, त्यांत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा भेटतो. समुद्रातील स्पंज एका जागी चिकटून राहतो, त्याला कवच नाही, पळून जाण्याची सोय नाही, तरीही त्याच्या अंगावर बार्नेकल, शैवाल किंवा शिनाणे यांची गर्दी होत नाही. म्हणजे या जीवांना दूर ठेवणारी रसायने त्याच्या शरीरात असली पाहिजेत. ती निसर्गानेच घडवलेली असल्यामुळे समुद्रात सहज विघटित होणार. आणि म्हणून ती रंगात मिसळली की विषारी धातूंना पर्यावरणस्नेही पर्याय मिळाला, असा तो युक्तिवाद आहे. स्पंजात अशी रसायने आहेत हा त्यातील भाग खरा आहे आणि त्याला भक्कम प्रायोगिक आधारही आहे. पुढची दोन्ही पावले मात्र पुराव्यावाचून टाकलेली आहेत, आणि ज्या समुद्राच्या काळजीपोटी ती टाकली जातात त्याच समुद्राला ती महागात पडण्याचा धोका आहे.

ज्या अडचणीवर हा उपाय सुचवला जातो ती अडचण खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. समुद्राच्या पाण्यात कोणताही कठीण पृष्ठभाग बुडवला की काही मिनिटांतच त्यावर सेंद्रिय रेणूंचा पातळ लेप बसतो, काही तासांत त्यावर जिवाणू येतात, त्यांच्यामागून डायॅटमसारखी सूक्ष्म शैवाले येऊन बुळबुळीत थर तयार होतो, आणि पुढील काही दिवसांत वा आठवड्यांत बार्नेकल, शिनाणे, कालवे, नळीत राहणारे कृमी आणि हिरवी-तपकिरी शैवाले तेथे वस्ती करतात. पाण्याखालच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या या सजीव थराला बायोफाउलिंग म्हणतात, आणि त्यात भाग घेणाऱ्या ४,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. चुनखडीयुक्त कवचांचा जाड थर साचलेल्या जहाजाला नेहमीचा वेग राखण्यासाठी ८६ टक्क्यांपर्यंत जास्त शक्ती लागू शकते, असा अमेरिकी नौदलाच्या जहाजांविषयी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. जास्त शक्ती म्हणजे जास्त इंधन, आणि जास्त इंधन म्हणजे हवेत जास्त कार्बन. शिवाय परक्या जाती जहाजांच्या बुडाला चिकटून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जातात. मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यावरचा मायटिलॉप्सिस सॅलेई हा शिंपला १९६० च्या दशकात विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबई बंदरात पोहोचला, आणि एकदा स्थिरावल्यावर त्याने बंदरातील बांधकामे, बोया व जहाजे व्यापून टाकली. तेव्हा बुडाला कोणतेही संरक्षण नको, ही भूमिका पर्यावरणाच्या दृष्टीनेही टिकणारी नाही.

वाद संरक्षण कशाने करायचे आणि ते निर्धोक असल्याचे कशावरून ठरवायचे याविषयी आहे, आणि येथे ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, या कथिलाच्या सेंद्रिय संयुगाचा इतिहास नीट वाचणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकापासून वापरात आलेला आणि १९७० च्या दशकात स्वतःहून झिजत जाणाऱ्या बहुवारिकाच्या रंगात बसवलेला हा घटक इतका परिणामकारक होता की पाच वर्षे जहाज सुक्या गोदीत नेण्याची गरज पडत नसे. त्याच काळात फ्रान्समधील आर्काशॉन उपसागरात कालवांची पिल्ले धरेनाशी झाली आणि मोठ्या कालवांची कवचे विकृत जाड होऊ लागली. तेथील कालव-व्यवसाय कोलमडण्याच्या बेतास आल्यावर फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरहून कमी लांबीच्या बोटींवर टीबीटीला बंदी घातली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉग व्हेल्क या गोगलगायीच्या माद्यांना नराचे जननेंद्रिय उगवू लागल्याचे आढळले, आणि या विकृतीला पाण्यातील टीबीटीचे लिटरमागे सुमारे एक नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग, इतके प्रमाणही पुरेसे ठरते हे स्पष्ट झाले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेला टीबीटीवर बंदी घालणारा करार प्रत्यक्ष अमलात यायला २००८ उजाडले.

या प्रकरणातून ‘कृत्रिम रसायने वाईट’ असा धडा काढला जातो, आणि स्पंजाच्या बाजूचा सारा उत्साह त्या धड्यावर उभा आहे. टीबीटी कारखान्यात तयार झाला म्हणून घातक ठरला नाही. तो ज्यांच्यासाठी रंगात घातला होता त्यांच्यापलीकडच्या प्राण्यांच्या संप्रेरक-ग्राहकांना बांधला जाई, चरबीत साचे, आणि उघड्या पाण्यात काही दिवसांत वा आठवड्यांत विघटित होत असला तरी बंदराच्या प्राणवायूविरहित गाळात वर्षानुवर्षे टिकून राही. यांतील एकही गुणधर्म ‘कृत्रिम’ या शब्दात सामावलेला नाही. त्याच्या जागी आलेल्या सायब्युट्रिन या शैवालनाशकाची कथा याच दिशेने जाते. प्रकाशसंश्लेषण थांबवणारा हा रेणू तांब्याच्या रंगांना जोड म्हणून सर्वत्र स्वीकारला गेला, पुढे तो सागरी गवत आणि प्रवाळांतील सहजीवी शैवाल यांनाही मारतो हे उघड झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून त्यावरही जागतिक बंदी आली. दोन्ही वेळा वापर आधी झाला आणि चौकशी नंतर. तिसऱ्या वेळी क्रम बदलायचा असेल तर ‘नैसर्गिक’ या विशेषणाला चौकशीच्या जागी बसवून चालणार नाही.

नैसर्गिक रेणू सहज विघटित होतात, हे गृहीतक खुद्द स्पंजांच्याच रसायनशास्त्राने खोटे ठरवले आहे. उष्ण कटिबंधातील लॅमेलोडिसिडिया या प्रजातीच्या स्पंजांत ब्रोमीनचे अणू जोडलेली डायफिनाइल ईथर संयुगे विपुल प्रमाणात सापडतात. स्पंजाच्या ऊतींत राहणारे निळे-हिरवे जिवाणू ती तयार करतात. कापड, गाद्या आणि विद्युत उपकरणे पेटू नयेत म्हणून कारखान्यांत बनवलेल्या ज्या ज्वालारोधक रसायनांवर त्यांच्या टिकाऊपणामुळे आणि प्राण्यांच्या शरीरात साचण्यामुळे जगभर निर्बंध आले, त्यांच्याच कुळातील ही संयुगे आहेत. २००५ मध्ये चोचधारी देवमाशाच्या एका जातीच्या चरबीतून याच कुळातील दोन संयुगे वेगळी करून त्यांतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण मोजण्यात आले. खनिज तेलापासून बनवलेल्या रसायनात हा कार्बन उरलेला नसतो. येथे तो मिळाला, आणि त्यामुळे ही संयुगे सजीवांनीच निर्माण केलेली आहेत हे सिद्ध झाले. म्हणजे निसर्गात तयार झालेला ब्रोमीनयुक्त रेणू अन्नसाखळीच्या पायऱ्या चढत देवमाशाच्या चरबीपर्यंत पोहोचला होता, आणि तेथे टिकून राहिला होता. तरीही स्पंजातील याच ब्रोमीनयुक्त ईथरांची बार्नेकलच्या अळ्यांविरुद्ध चाचणी घेऊन ती फाउलिंगरोधक म्हणून सुचवणारे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधन म्हणून त्याला हरकत नाही. देवमाशाच्या चरबीविषयीची माहिती हाती असताना त्याच संयुगांना ‘नैसर्गिक’ या एका गुणावर निर्धोक मानणे मात्र असमर्थनीय आहे.

विषारीपणाविषयीही हेच म्हणावे लागते. ओकाडाइक आम्ल प्रथम १९८१ मध्ये हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई या जपानी स्पंजातून वर्णिले गेले. पुढे ते मुळात डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म तरंगत्या जीवांचे उत्पादन असल्याचे कळले. पेशींतील प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना ते रोखते, दूषित शिंपले खाणाऱ्या माणसांना त्यामुळे तीव्र जुलाब होतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते गाठींच्या वाढीला चालना देते. तांबड्या समुद्रातील नेगोम्बाटा स्पंजातून मिळणारी लॅट्रंक्युलिने पेशीचा आंतरिक सांगाडाच मोडतात. कोकणातल्या वाचकाला यासाठी समुद्रात उतरण्याचीही गरज नाही: होडीच्या लाकडाला चोपडले जाणारे काजूच्या टरफलाचे तेल पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि ते कातडीवर पडले की काय होते हे काजू फोडणाऱ्या प्रत्येक हाताला ठाऊक आहे. स्पंजाने ही रसायने शत्रूला इजा करण्यासाठीच बाळगलेली असतात; ती सौम्य असावीत अशी अपेक्षा ठेवण्यास जीवशास्त्रात कोणताही आधार नाही.

स्पंज स्वतः स्वच्छ राहतो, हे मूळ निरीक्षणही सांगितले जाते तितके सरळ नाही. ॲकास्टा प्रजातीतील बार्नेकल स्पंजाच्या अंगातच घर करून राहतात. इतर अनेक स्पंजांवर झोअँथिड हे प्रवाळांसारखे प्राणी, कृमी, कोळंब्या आणि शैवाले मुक्काम करतात. आणि स्पंज स्वतःच जहाजांच्या बुडावर व बंदरांच्या खांबांवर वाढणाऱ्या फाउलिंगच्या समूहाचा भाग असतात. ज्या जाती खरोखर स्वच्छ दिसतात त्यांतील काही वरचा पेशीथर वेळोवेळी टाकून देतात, आणि काहींच्या अंगातून सतत वाहणाऱ्या पाण्याचाही त्यात वाटा असू शकतो. बहुतेक प्रयोगांत मात्र संपूर्ण स्पंज दळून, मिथेनॉलसारख्या द्रावकात त्याचा अर्क काढून तो तपासला जातो. आतल्या ऊतीत बंद असलेले रसायन आणि जिवंत स्पंजाच्या पृष्ठभागावरून प्रत्यक्ष पाण्यात सुटणारे रसायन यांतील फरक त्या दळणात नाहीसा होतो, आणि काचेच्या बशीतील अळ्या बसल्या नाहीत एवढ्यावरून समुद्रातील स्पंजाची संरक्षणव्यवस्था सापडल्याचे घोषित केले जाते.

या क्षेत्रातील सर्वांत भक्कम उदाहरणाशी न्यायाने वागले पाहिजे. स्कँडिनेव्हियाच्या थंड, खोल पाण्यात वाढणाऱ्या जिओडिया बॅरेटी या स्पंजापासून बॅरेटिन नावाचे संयुग मिळते. ब्रोमीनयुक्त ट्रिप्टोफॅन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या जोडणीतून त्याचे लहानसे वलय बनते. बार्नेकलची अळी सहा अवस्था ओलांडून सायप्रिस या शेवटच्या अवस्थेत येते, त्या अवस्थेत ती काहीही खात नाही, केवळ शृंगिकांनी पृष्ठभाग चाचपत जागा शोधते, आणि एकदा चिकटली की जन्मभर तेथेच राहते. बॅरेटिन नेमकी ही निवड रोखते. स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की ०.९ मायक्रोमोलर इतक्या कमी सांद्रतेला निम्म्या अळ्या बसत नाहीत, त्या मरत नाहीत, आणि स्वच्छ पाण्यात नेल्यास पुन्हा बसू शकतात. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, रंगात वजनाच्या केवळ ०.१ टक्का बॅरेटिन मिसळलेल्या पट्ट्यांवर बार्नेकलची वस्ती ८९ टक्क्यांनी आणि शिनाण्यांची ८१ टक्क्यांनी घटली. हे उत्तम विज्ञान आहे. अळीला न मारता तिचा निर्णय बदलणे हीच योग्य दिशा आहे, आणि स्पंजांवरील संशोधनाचे खरे मोल येथेच दिसते.

तरीही याच संशोधनधारेतून २००६ मध्ये निष्पन्न झालेली दुसरी गोष्ट लोकप्रिय लेखांत क्वचितच येते. बॅरेटिन मानवी सेरोटोनिन-ग्राहकांच्या काही प्रकारांना बांधले जाते. सेरोटोनिन हा चेतापेशींमधला संदेशवाहक केवळ बार्नेकलच्या मालकीचा नाही; शिंपल्यांच्या अंडी सोडण्यापासून माशांच्या वर्तनापर्यंत आणि माणसाच्या आतड्यांच्या हालचालीपर्यंत तो सर्वत्र कामात असतो. अळी मरत नाही म्हणजे रेणू निर्धोक, हे समीकरण टीबीटीनंतर कोणीही मांडू नये, कारण डॉग व्हेल्कच्या माद्याही तत्काळ मरत नव्हत्या. जननेंद्रियाच्या वाढीने अंडी बाहेर टाकण्याचा मार्ग बंद होऊन पुढची पिढीच थांबत होती. एका चेतासंदेशकाच्या ग्राहकाला हात घालणारे संयुग वर्षानुवर्षे बंदरात सुटत राहिले तर तेथील कालवांचे प्रजनन, माशांच्या पिल्लांची वाढ आणि गाळातील कृमींचे जीवनचक्र यांवर काय परिणाम होईल, हे काही आठवड्यांच्या पट्ट्यांवरील प्रयोग सांगू शकत नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता. दावा नंतरच्या उत्साही मांडणीने केला.

यानंतर प्रमाणाचा प्रश्न येतो. बुडाचा १०,००० चौरस मीटर भाग पाण्याखाली असलेले मोठे जहाज घेतले आणि रंगातून दररोज प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे १० मायक्रोग्रॅम द्रव्य सुटते असे धरले, तर दिवसाला एक किलो आणि पाच वर्षांत सुमारे १,८०० किलो द्रव्य समुद्रात जाते. तांब्याच्या रंगांच्या बाबतीत हा अंदाज अतिशयोक्त नाही. स्पंजाचे संयुग शंभरपट अधिक प्रभावी मानले तरी एका जहाजाला पाच वर्षांसाठी १८ किलो शुद्ध संयुग लागेल, आणि प्रत्येक किलो ओल्या स्पंजामागे एक ग्रॅम इतके उदार उत्पन्न गृहीत धरले तरी त्यासाठी १८ टन स्पंज काढावे लागतील. वैद्यकातील अनुभव याहून कठोर आहे: न्यूझीलंडजवळ खोल पाण्यातून काढलेल्या एक टन लिसोडेंडोरिक्स स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हे कर्करोगविरोधी संयुग जेमतेम ३०० मिलिग्रॅम मिळाले होते, आणि त्यावरून घडवलेले इरिब्युलिन हे औषध २०१० मध्ये रुग्णांपर्यंत पोहोचले ते साठाहून अधिक टप्प्यांच्या कृत्रिम संश्लेषणामुळे. जिओडियासारखे खोल समुद्रातले स्पंज अतिशय सावकाश वाढतात, आणि त्यांच्या वसाहती ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी झालेल्या ओस्पार कराराच्या धोक्यातील अधिवासांच्या यादीत आहेत. पर्यावरणस्नेही रंगासाठी हेच अधिवास जाळ्यांनी ओरबाडण्याची कल्पना कोणी गंभीरपणे मांडू शकणार नाही.

स्पंजांची शेती करावी किंवा त्यांतील सहजीवी जिवाणू टाक्यांत वाढवावेत, असे उत्तर येथे दिले जाते. काही स्पंजांच्या शरीराचा तिसरा हिस्सा वा त्याहून अधिक भाग सूक्ष्मजीवांचा असतो आणि अनेक संयुगे तेच तयार करतात, हे खरे आहे. थिओनेला स्विनहोई या स्पंजातील संयुगांच्या समृद्धीमागे एंटोथिओनेला नावाचा जिवाणू असल्याचे २०१४ मध्ये जनुकांच्या आधारे दाखवले गेले. पण त्या जिवाणूचे स्वतंत्र संवर्धन करणे संशोधकांना जमलेले नव्हते. उरतो तो मार्ग कृत्रिम संश्लेषणाचा, बहुधा सोप्या केलेल्या, बदललेल्या रेणूचा. तो पूर्णपणे योग्य मार्ग आहे, परंतु त्या मार्गाने जाताच ‘नैसर्गिक’ हे प्रशस्तिपत्र मागेच राहते, आणि कारखान्यात बनलेला नवा रेणू इतर कोणत्याही जीवनाशकाच्या रांगेत उभा राहतो. त्याने तेथेच उभे राहिले पाहिजे.

अशा टीकेमुळे तांब्याच्या रंगांचे समर्थन होते आणि नव्या संशोधनाचा निधी आटतो, हा प्रतिपक्षाचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्यातील पहिला भाग चुकीचा आहे. तांबे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होतच नाही, ते बंदरांच्या गाळात साचत राहते, आणि शैवाले व अपृष्ठवंशी जीवांच्या अळ्यांना ते अपायकारक आहे. येथे मांडलेल्या कसोटीवर तांबेही उत्तीर्ण होत नाही. कसोटी सर्वांना एकच असावी, एवढीच मागणी आहे. शिवाय स्पंजाच्या संयुगांवर आधारलेल्या बहुतेक प्रायोगिक रंगांत बाकीचे घटक, म्हणजे ॲक्रिलिक बहुवारिके आणि अनेकदा तांबेही, तसेच राहतात, आणि झिजणाऱ्या रंगाचे सूक्ष्म कण समुद्रात जातच राहतात. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाला मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण संशोधन थांबावे असे कोणालाच वाटत नाही. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि अंबरनाथची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा यांच्याजवळ उष्ण कटिबंधातील फाउलिंग अभ्यासण्यासाठी लागणारा समुद्र, नौदल आणि रसायनशास्त्र ही तिन्ही साधने हाताशी आहेत. थंड समुद्रात फाउलिंगचा ठरावीक मोसम असतो, तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खारटपणा एकाएकी उतरतो आणि उरलेल्या वर्षात अळ्या सतत बसत राहतात. स्वीडनमधील आकडे येथे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, आणि ते काम येथेच व्हायला हवे.

म्हणून विद्यापीठांतील मार्गदर्शक, नियतकालिकांचे संपादक आणि निधी देणाऱ्या समित्या यांना विनंती आहे की, स्पंजातील एखाद्या संयुगापुढे ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द छापण्यापूर्वी त्यांनी काही माहिती मागून घ्यावी: समुद्राच्या पाण्यात आणि प्राणवायूविरहित गाळात त्या संयुगाचे अर्धायुष्य किती, विघटनातून काय उरते, ते चरबीत साचते का, कालव, मासा आणि गाळातला कृमी यांच्या किमान एका पूर्ण जीवनचक्रावर त्याचा काय परिणाम होतो, आणि जहाजाला पुरेल इतके संयुग कोठून येणार. ही माहिती नसलेल्या संयुगाला ‘अळ्यांना बसू न देणारे संयुग’ एवढेच म्हणावे. युरोपीय संघाच्या २०१२ च्या जीवनाशक नियमावलीत रेणू निसर्गातून आला की कारखान्यातून, यावरून फाउलिंगरोधकाला सूट मिळत नाही, आणि त्या नियमावलीखाली या वापरासाठी मान्य झालेल्या द्रव्यांत स्पंजापासून आलेले एकही संयुग नाही.